सहावा खडा

आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. मला ती कधीच दिसली नाही. आजपर्यंत तिचं नखसुद्धा मी पाहिलेलं नाही. ती दिसायची हर्षवर्धनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि तीही फक्त फोनच्या पडद्यावर. त्यामुळे ती कशी होती ते मला विचारू नका. त्याला विचारा. तो काही सांगायचा नाही, पण विचारून बघा.

हर्षवर्धन हाडांचा डॉक्टर. साताऱ्याहून सात वर्षांपूर्वी आम्ही इकडे आलो, तो मोहालीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात लागला, आणि घर घेतलं मुल्लानपूरला, नव्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर. कागदोपत्री ते पंजाब, पण सगळे चंदीगडच म्हणतात, मीही म्हणते. मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले तीन रिकामे. ओरडलं तरी ऐकायला कुणी नाही, म्हणून ओरडणं मी पहिल्याच वर्षी सोडलं. उगाच घसा कशाला बसवून घ्या.

सात वर्षांत माझी सात हाडं मोडली. डावं मनगट, दोन बरगड्या, हासळी, उजवी करंगळी, जबडा आणि घोटा. मोडायचा तोच आणि बसवायचाही तोच. मनगट जरा वाकडं जुळलं तर म्हणाला, "घरचं काम म्हटलं की असंच होतं," आणि हसला. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीच वाटेनासं झालं होतं. भाजी चिरताना बोट कापलं तर मी रक्त बघून ओळखायची, दुखतं म्हणून नाही.

जाई, आमची मुलगी, सहा वर्षांची आहे. मराठी कळतं सगळं, बोलते हिंदीत. मुलीसमोर हात उचलायचा नाही हा हर्षवर्धनचा नियम, आणि तो त्याने कसोशीने पाळला. "जाई, खाली खेळायला जा," असं तो म्हणाला की मी गॅस बंद करायची. ती परत वर येईपर्यंतच काय ते. लिफ्टचा आवाज आला की तो थांबायचा. त्या लिफ्टच्या आवाजावर मी जगत होते, असं म्हटलं तर त्यात खोटं काही नाही.

आणि या वर्षी त्याने ठरवलं की जाईला साताऱ्याला त्याच्या आईकडे ठेवायचं. शाळा तिकडेच. रविवारचं विमान. मी म्हटलं, "अर्ध्या वर्षात शाळा बदलायची?" तर म्हणाला, "तिची काळजी तू करू नकोस. मग आपण दोघंच आहोत." रविवारनंतर लिफ्ट वाजली काय आणि न वाजली काय, थांबायला कारणच उरणार नव्हतं. रविवारच्या आत जाईला घेऊन या घरातून निघायचं, नाहीतर मी मेले, एवढं मला स्वच्छ कळत होतं. कसं निघायचं ते कळत नव्हतं. घरात तीन कॅमेरे. "जाईवर लक्ष ठेवायला." बघायचा मात्र मला. आणि व्हिडिओ कॉल आला की तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा. चौथी रिंग म्हणजे संध्याकाळी जाई खाली खेळायला.

त्याच आठवड्यात गौरी आल्या. मंगळवारी आवाहन, बुधवारी पूजन, गुरुवारी विसर्जन. ह्यांच्याकडे खड्याच्या गौरी. पाणवठ्यावर जायचं, पाच खडे वेचून ताम्हनात घ्यायचे, तिथल्याच पाण्याने तोंड भरायचं आणि घरी येईपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. दारात पाय धुवायचे, कुंकवाच्या पावलांवरून आत आणायचं, खोली खोली दाखवायची, मग बसवायचं. हर्षवर्धनला या सगळ्याचा भारी अभिमान. फोटो साताऱ्याला, फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर. "एवढ्या लांब येऊनही परंपरा सोडली नाही." सोडली कशाला असती? करायची तर मलाच होती.

टॉवरच्या मागे एक पावसाळी ओढा आहे. इथले लोक त्याला चो म्हणतात. दहा महिने कोरडा, पाऊस झाला की डोंगरातून लाल पाणी घेऊन येतो. मंगळवारी जाईला शाळेच्या बसमध्ये बसवून मी तिकडे गेले. पाच खडे वेचले. मोजून पाच, मी काही वेंधळी नाही. ओंजळभर गढूळ पाणी तोंडात घेतलं आणि निघाले. अर्ध्या वाटेत फोन वाजला.

आता सांगा, काय करायचं? गौर हातात, तोंडात पाणी, आणि फोनवर तो. एक रिंग झाली. दोन झाल्या. तिसऱ्याला मी पाणी गिळलं आणि फोन उचलला.

"कुठे आहेस?"

"गौरी आणायला आले होते. सांगितलं होतं ना सकाळी."

"एकटीच आहेस? दाखव."

मी जागच्या जागी गर्रकन फिरून मागचा सगळा रस्ता त्याला दाखवला. बोललेही आणि मागे वळलेही. दोन्ही एका दमात. रस्ता मोकळा होता, बांधकामाची खडी पडली होती, दूर एक ट्रॅक्टर.

"ती कोण आहे तुझ्यामागे?" हर्षवर्धन म्हणाला.

"कुणी नाही."

"मला दिसतेय वल्लरी. ओली बाई. घरी ये, मग बघू."

घरी आले. दारात पाय धुवायला ताम्हन खाली ठेवलं आणि बघितलं तर खडे सहा. सहावा बाकीच्यांपेक्षा काळा होता आणि गरम होता. नुकत्याच तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम. दुसरी कुणी असती तर फेकून दिला असता. मला भ्यायला हवं होतं, कळत होतं मला ते, पण माझी भीती सगळी एकाच माणसावर खर्च झाली होती. तिथून काढून इकडे लावायला काही शिल्लक नव्हतं. मी सहाच्या सहा आत नेले.

खोल्या दाखवायच्या असतात. हे स्वयंपाकघर, धान्याने भरलंय. ही बैठकीची खोली, माणसांनी भरलीय. असं म्हणायचं असतं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "हे स्वयंपाकघर. इथे मनगट." बैठकीत म्हटलं, "इथे दोन बरगड्या, या टेबलाच्या कोपऱ्यावर." बाल्कनीत घोटा, झोपायच्या खोलीत बाकीचं. का बोलले ते मला माहीत नाही. सात वर्षांत कुणी घर दाखव म्हणून विचारलंच नव्हतं, हे एक कारण असेल. खडे बसवले, हळदकुंकू वाहिलं, संध्याकाळच्या भाजीभाकरीच्या नैवेद्याची तयारी केली. थोड्या वेळाने बघितलं तर ताम्हनात पाचच होते. फरशीवर लाल चिखलाचे दोन पाय उमटले होते, अनवाणी, आणि डावा पाय बाहेरच्या बाजूला पडत होता. माझा तसाच पडतो, घोट्यापासून.

चार वाजता हर्षवर्धन आला. ओपीडी अर्धी टाकून. कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून बघितलं, बाल्कनी बघितली. मग सोफ्यावर बसून फोनवर कॅमेऱ्याचं मागचं रेकॉर्डिंग पाहिलं. जाईला खाली पाठवलं होतं, मी गॅस बंद करून उभी. तो बघतच राहिला. एकदा पडदा दोन बोटांनी मोठा केला, परत मागे नेला, परत पाहिलं. मग माझ्याकडे आला आणि माझा डावा हात हातात घेऊन मनगट चाचपलं, पेशंटचं चाचपतात तसं.

"दुखतं का?" त्याने विचारलं.

सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्याने. मी म्हटलं, "थंडीत." तो आत निघून गेला. जाई वर आली, दूध प्यायली. त्या दिवशी मला हात लागला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी वाटच बघत बसले.

बुधवारी हळदीकुंकू. मंडळातल्या पाच जणी आल्या. त्यात रत्नप्रभाकाकू, विंग कमांडर होते त्यांचे मिस्टर, निवृत्त होऊन इथेच राहिलेत. मंडळात काकूंचा शब्द शेवटचा. गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताला करंगळीचं प्लास्टर होतं तेव्हा काकूंनी ते बघितलं, नीट बघितलं, आणि "घावन छान झालेत हो," म्हणाल्या. मला तेव्हा राग आला नव्हता. आत्ता लिहिताना येतोय. चांगलाच येतोय.

घावन-घाटलं होतं. गौरीपुढे पान वाढलं होतं. बायका सोफ्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या, इंद्रायणी तर, विद्यापीठात शिकवते ती, खाली सतरंजीवर बसली, पण सोफ्याच्या उजव्या टोकाला कुणीच बसलं नव्हतं. का नाही बसलं, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. जाईला शाळेला सुट्टी होती, ती सगळ्यांना अत्तर लावत फिरत होती. त्या टोकाशी आली की वळसा घालून जायची.

आणि कॅमेऱ्यातून आवाज आला. तो कॅमेरा बोलतो, हर्षवर्धनने फोनवरून बटण दाबलं की त्याचा आवाज घरात येतो.

"नमस्कार सगळ्यांना! छान चाललंय ना?"

"अय्या, हे बघतायत होय आपल्याला!" कुणीतरी म्हणालं. हसल्या सगळ्या, पदर सारखे केले.

"वल्लरी," तो म्हणाला, "सोफ्याच्या टोकाला कोण बसलीय?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस. कालचीच आहे ती. तिला म्हणावं तोंड इकडे कर." मग त्याचा आवाज बदलला. हॉस्पिटलात एक्स-रे लावून शिकाऊ मुलांना सांगतो ना, तसा झाला. "डावं मनगट. कुणी बसवलंय हे? नाही, बसवलेलंच नाही. हे किचनमधलं आहे. हासळी... हे तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं. जबडा जाईच्या वाढदिवसाचा. बरगड्या दोन्ही आत गेल्यात. वल्लरी, बरगड्या मी बांधल्या होत्या ना? मी नीट बांधल्या होत्या. मग हिच्या अशा का आहेत? हे सगळं माझं आहे. हिला कुणी दिलं हे?"

कुणी हललं नाही. इंद्रायणीच्या बोटावर हळद होती, बोट तसंच वर. जाई माझ्या साडीला चिकटून उभी राहिली.

"ती हसतेय," हर्षवर्धन म्हणाला. "वल्लरी, तुझ्यासारखं हसतेय. मी येतोय. तुमच्यातलं कुणी जागचं हलता कामा नये."

कॅमेऱ्यातला आवाज खट् करून बंद झाला.

मोहालीहून मुल्लानपूर, दुपारची वेळ, गर्दी नसेल तर पंचवीस मिनिटं. मी हे मोठ्याने म्हटलं. "पंचवीस मिनिटांत येईल." पाच जणी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता एकेक करून उठतील, "येते हं" म्हणतील, नारळ पिशवीत टाकतील आणि जातील. मी त्यांच्या ओट्यांचं सामानसुद्धा हातात घेतलं होतं. काय करणार, सवय.

रत्नप्रभाकाकू उठल्या.

"जाईची चप्पल कुठाय?" त्या म्हणाल्या.

"काकू?"

"चप्पल, अगं चप्पल. आणि तुझे कागद?"

"कपाटात, कुलूप आहे. चावी त्याच्याकडे."

"मरू देत कागद." मग एकदम माझा हात धरला, वाकड्या जुळलेल्या मनगटाला. "मला माहीत होतं गं. गेल्या वर्षीच कळलं होतं. मेली माझी जीभच उचलली नाही."

मी म्हटलं, "चप्पल शू रॅकमध्ये, खालचा कप्पा."

पाच जणी आणि जाई लिफ्टशी जाऊन उभ्या राहिल्या. मी शेवटची. दार ओढायच्या आधी मी आत वळून बघितलं. रिकामी खोली, पाच खडे, वाढलेलं पान. सोफ्याचं उजवं टोक बसल्यासारखं दबलेलं आणि ओलं. निघताना गौरीला पुन्हा ये म्हणायचं असतं. ते मी म्हटलं नाही.

"तो येतोय," मी म्हटलं. "पान वाढलंय. तू थांब."

हे मी पोलिसांना सांगितलं नाही. पहिल्यांदा इथेच सांगतेय. मला माहीत होतं मी काय करतेय. उगाच अजाण असल्याचा आव आणत नाही.

खाली काकूंच्या गाडीत दाटीने बसलो, तर गेटवर गार्ड म्हणाला, "मॅडम जी, साहब का फोन आया था, आपको रोकने को बोला है." रत्नप्रभाकाकूंनी गाडीची काच खाली केली आणि त्याला हिंदीत असं काही सुनावलं की त्याने सलाम ठोकला. काकूंच्या तोंडी ते शब्द असतील असं मंडळात कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. समोरून त्याची गाडी आली तेव्हा आम्ही वळणावर होतो. तो आमच्याकडे न बघता गेला. एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात फोन, डोळे फोनमध्ये.

पुढचं सगळं कॅमेऱ्यात आहे. आम्ही तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो होतो, तिथल्या इन्स्पेक्टर बाईंनी मला ते नंतर दाखवलं. दार उघडून तो येतो, फोन समोर धरून. खोलीत तो एकटाच आहे. सोफ्याच्या टोकाकडे बघून म्हणतो, "बस कर, वल्लरी." मग त्याचा डावा हात मनगटातून वळतो. कुणी धरलेला नाही, आपला आपण वळतो. मग छाती, एकदा आणि दुसऱ्यांदा. तो प्रत्येक वेळी नाव घेतो, हासळी, करंगळी, जबडा, जबड्यानंतर नुसतंच तोंड हलतं. घोटा शेवटी. माझीही हाडं याच क्रमाने मोडली होती. अकरा मिनिटं लागली. इन्स्पेक्टर बाईंनी शेवटची दोन मिनिटं बघितली नाहीत, उठून पाणी प्यायला गेल्या. मी बघितली. मला समाधान वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात मी झोपले मात्र, सलग नऊ तास, ती गोष्ट वेगळी.

मी त्याच्यावर केलेल्या मारहाणीच्या केससाठी माझे एक्स-रे काढले. सरकारी दवाखान्यातल्या मुलाने फिल्म उजेडात धरली आणि म्हणाला, "सब नॉर्मल है, मॅडम. कभी कोई फ्रॅक्चर नहीं हुआ." मी म्हटलं, पुन्हा काढ. त्याने काढले. नव्याकोऱ्या हाडांसारखी हाडं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला मी. माझा पुरावा होता तो! सात वर्षं अंगात वागवला होता, आणि तिने न विचारता काढून घेतला. आणि घेतला तर घेतला, दुखणं का नाही नेलं? मनगट आजही ठणकतं. फिल्ममध्ये काही नाही, पण ठणकतं.

पुराव्याला शेवटी बायका उभ्या राहिल्या. पाचही जणींनी जबाब दिले, कॅमेऱ्यातून काय ऐकलं ते. रत्नप्रभाकाकूंनी गेल्या वर्षीचं प्लास्टरही सांगितलं, आणि आपण गप्प बसलो तेही. ते लिहायची गरज नाही, असं इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, तर काकू म्हणाल्या, "लिखिए."

आता सेक्टर बावीसमध्ये एक खोली आहे, बसस्टँडच्या आवाजात. लिफ्ट नाही. जाईची शाळा जवळच बघितली, पण फॉर्मवर वडिलांची सही मागत होते. ती आणायला मी हॉस्पिटलात गेले. त्याच्याच हॉस्पिटलात होता तो, स्पेशल रूममध्ये. जबडा एका बाजूला सरकलेला, डावा हात उशीवर. मी फॉर्म समोर धरला आणि म्हटलं, "जाई माझ्याकडे राहील. साताऱ्याला जाणार नाही. इथे सही कर." मला वाटलं होतं, ओरडेल. करंगळी वाकडी, तरी पेन धरलं आणि केली सही. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्याच्या वर, मागे, कुठेतरी बघत होता. हातात फोन नव्हता त्याच्या. मी मागे वळले नाही.

तेवढ्यात त्याचा ज्युनिअर डॉक्टर फाइल घेऊन आला. बिचारा गोंधळलेला होता. "सर, हे सात फ्रॅक्चर ताजे नाहीतच," तो हिंदीत म्हणाला. "वेगवेगळ्या वर्षांतले आहेत, वाकडे जुळलेले. मनगट तर सहा-सात वर्षांपूर्वीचं वाटतं. कसे झाले हे, सर?"

हर्षवर्धनने माझ्या मागे बघितलं, मग खाली चादरीकडे.

"बाथरूममध्ये पडलो," तो म्हणाला.

"सातही वेळा?"

"सातही वेळा."

डॉक्टरने लिहून घेतलं.